ऑक्टेनचा आकडा आणि मोटारीची शक्ती

ऑक्टेनचा आकडा चढा असलेल्या पेट्रोलमध्ये जादा शक्ती असते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः हा आकडा शक्तीचा नव्हेच. दाबाखाली आपोआप न पेटण्याच्या क्षमतेचा आहे. ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील मिश्रणाने पेट घेतला, की इंजिन खडखडते आणि कालांतराने पिस्टनला इजा होते. अधिक दाबाच्या इंजिनाला म्हणूनच उच्च ऑक्टेनचे इंधन लागते. तेथे काटकसर अंगाशी येते. साध्या मोटारीची गोष्ट निराळी. २०१६ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने अशा मोटारींत महाग पेट्रोल घालून पाहिले. शक्ती, मायलेज, धूर, कशातही म्हणण्याजोगा फरक पडला नाही. तरीही असोसिएशनच्या अंदाजाप्रमाणे अमेरिकन चालकांनी वर्षभरात त्यापायी दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाया घालवली होती. कोणते पेट्रोल घालावे, हे मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. ती बहुधा समोरच्या खणात न उघडताच पडून राहते.