पदर, पाळणा आणि मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



हा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न काहींनी संयोजकांना विचारल्याचे मला कळले. मुलाला अंगावर पाजणे ही घरातील बाब, फार तर आरोग्यखात्याची. समाजवादाचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो मजुरीच्या वाटेने येतो, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

मार्च 2018 मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळी नियतकालिकाने मुखपृष्ठावर बालकाला छातीशी धरून पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले. गदारोळ झाला. अश्लीलतेची तक्रार केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाला त्या चित्रात अश्लील असे काही आढळले नाही व याचिका फेटाळण्यात आली. छायाचित्रातील स्त्री स्वतः माता नव्हती, तेव्हा हा सारा खपासाठी केलेला देखावा आहे, असाही आक्षेप निघाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु त्या वादात मला खटकली ती दुसरीच गोष्ट. छाती झाकणे ही आपली सनातन मर्यादा आहे, असे गृहीत धरूनच आक्षेप घेणारे बोलत होते.

दक्षिण केरळ ज्या त्रावणकोर संस्थानात होते, त्या संस्थानात एकोणिसाव्या शतकात शाणार, म्हणजे आजच्या नाडार, जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याचा अधिकार नव्हता. वरिष्ठ जातींपुढे उघडी छाती ठेवणे हाच त्यांचा विनय मानला जाई. ज्यांनी वस्त्र घेतले त्यांना मारहाण झाली, दंगली झाल्या, आणि 1859 साली संस्थानाला जाहीरनामा काढून परवानगी द्यावी लागली. तीही वरिष्ठ जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र नेसावयाचे नाही, या अटीवर. तात्पर्य, झाकावे की उघडे ठेवावे हे त्या स्त्रीने ठरविलेले नव्हते. तिच्याकडून काम घेणाऱ्यांनी ठरविले होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इमारतीच्या कामावर वाळूच्या ढिगाशेजारी बसून मूल पाजणारी बाई आपण रोज पाहतो. तिच्या मर्यादेची चिंता करणारे पत्र मी आजवर कोणत्याही दैनिकात वाचलेले नाही. तीच बाई मूल घेऊन उपाहारगृहात किंवा रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यात बसली की सभ्यतेचा प्रश्न उपस्थित होतो. कामावरची मजूर ही माणूस म्हणून दिसतच नाही, मग तिचे शरीर तरी कोणाला दिसणार?

ऊसतोडीचे उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी लाखो माणसे तोडीला जातात. करार होतो तो कोयत्याशी, म्हणजे नवराबायकोच्या जोडीशी. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते आणि खाडा झाला तर दंड जोडीच्या हिशेबात चढतो. स्त्रीची स्वतंत्र मजुरी कागदावर नाही. मग तिची बाळंतपणाची रजा कशातून मोजावयाची? मूल कोपीत थोरल्या बहिणीजवळ, तीही सहासात वर्षांची. आई दूरच्या फडात. दूध दाटून छाती दुखू लागते, पण मोळ्या बांधून गाडी भरल्याखेरीज तिला परतता येत नाही. या बाईला आडोसा हवा काय? हवाही असेल. पण तिला आधी हवा आहे अर्ध्या तासाचा वेळ, आणि तो वेळ मजुरीतून कापला जाऊ नये याची हमी.

कायद्याने हा वेळ मान्य केलेला आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिली. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची केली व पन्नास कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक केले. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. मात्र त्या ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्या स्त्रिया थोड्या. बाकीच्यांसाठी काय? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना किमान 6000 रुपयांचे वचन दिले; 2017 च्या मातृवंदना योजनेत त्याचे 5000 झाले, आणि तेही सुरुवातीला पहिल्याच अपत्यासाठी. एकीला सहा महिन्यांचा पगार, दुसरीला पाच हजार!

फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी खोल्या ठेवण्याकडे राज्यांचे लक्ष वेधले आणि सार्वजनिक ठिकाणी पाजण्यास कलंक मानू नये, असेही म्हटले. हे स्वागतार्ह आहे. आपल्या एसटी स्थानकांवर तर अशा खोल्यांना 'हिरकणी कक्ष' असे नाव आहे. काही ठिकाणी त्यांना कुलूप असते, ते सोडा. पण हिरकणीची आख्यायिका नीट आठवा. ती रायगडावर दूध विकावयास आलेली कष्टकरी स्त्री होती. गडाचे दरवाजे ठरल्या वेळी बंद झाले आणि मूल खाली घरी राहिले, म्हणून ती कडा उतरली. तिची अडचण पडद्याची नव्हती. दरवाजाच्या वेळेची होती. जिला संकोच वाटतो तिला खोली जरूर मिळावी, तो तिचा हक्क आहे. परंतु खोली आहे म्हणून बाहेर पाजू नका, असे कोणी म्हणू लागला तर त्याच खोलीचा तुरुंग होईल.

आणखी एक गोष्ट, माझ्या विषयातली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दूधभुकटीचा डबा मोजला जातो, आईचे दूध मोजले जात नाही. आई लाजेने किंवा वेळेअभावी पाजणे सोडते तेव्हा आमच्या कोष्टकात उत्पन्न वाढते. हा डबा गरीब देशांत ज्या रीतीने खपविला गेला, तिच्याविरुद्ध 1977 मध्ये नेस्ले कंपनीवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीची आचारसंहिता केली, तेव्हा विरोधी मत एकट्या अमेरिकेचे पडले. भारताने 1992 मध्ये कायदा करून अशा जाहिरातींवर बंदी घातली. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील 63.7 टक्के बालके निव्वळ आईच्या दुधावर होती. उरलेल्यांच्या आयांनी केवळ अज्ञानापोटी पाजणे सोडले, असे मानण्यास मी तयार नाही.

येत्या गळीत हंगामात जिल्हा शाखांनी एक काम करावे. कोप्यांच्या तळांवर जाऊन सहा महिन्यांखालील मुले किती, त्यांच्या आयांच्या नावे करार आहे काय आणि दिवसातून किती वेळा त्यांना फडातून परतता येते, या तीन गोष्टींची नोंद करावी. ही विचारपूस स्त्री कार्यकर्त्यांनी करावी. पुरुषांनी त्या नोंदी घेऊन कारखान्याच्या कार्यालयात जावे आणि तळावर पाळणाघर व खाड्याविना पाजण्याची सुट्टी मागावी. यांतील काही कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आपलेच स्नेही आहेत, हे मला ठाऊक आहे. सुरुवात तेथूनच करावी.