हक्कसोडपत्रावरची सही

लेखक-कवी मित्रहो, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभ्या राहिलेल्या भगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, माझ्याविषयी जे बरे बोलले गेले तेही ऐकून घेतले. आता माझी पाळी. या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची पत्रिका मी बारकाईने वाचली आहे. तिच्यात क्रिस्तपुराण आहे, रेव्हरंड टिळकांचे अभंग आहेत, बायबलची मराठी भाषांतरे आहेत, दोन कविसंमेलने आहेत. ख्रिस्ती माणूस मात्र तिच्यात कुठेच नाही. तो सोमवारी सकाळी कचेरीत काय करतो, मजुराला काय देतो, बहिणीला काय देतो, यावर एकही परिसंवाद नाही. संयोजकांना मी विचारले, तर उत्तर आले, "सर, तो साहित्याचा विषय नाही." म्हणून आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. ज्यांना चहा घ्यायचा असेल त्यांनी आत्ताच उठावे.

१६१६ साली फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापले गेले, म्हणून आपण चारशे वर्षे छाती पुढे काढून चालतो आहोत. १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक आपले. १८५७ सालची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी बाबा पदमनजींची, म्हणजे आपली. सगळे खरे आहे. पण 'यमुनापर्यटन' कशावर आहे हे आठवून पाहा. ती हिंदू विधवांच्या हालांवर आहे. शेजारच्या घरातले दुःख आम्ही मराठीत सगळ्यांच्या आधी कादंबरीत मांडले, याचा मला अभिमान आहे. स्वतःच्या घरातले दुःख मांडणारी तशी कादंबरी आम्ही अजून का लिहिली नाही, याची मला लाज वाटते.

आपल्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या तालुक्यात ती घडते, तुमच्याही घडते. वडील प्रभूमध्ये झोपी जातात. स्मरणार्थ उपासना होते, कॅथलिक असाल तर मिस्सा होते. थोरला भाऊ शास्त्रपाठ वाचतो, गळा दाटून येतो, आलेल्यांना चहा-बिस्किटे मिळतात. पंधरा दिवसांनी बहिणीला फोन जातो, "ताई, आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन ये, वारसाची नोंद लावायची आहे." ताई एसटीने येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर झेरॉक्सच्या टपरीवर वकिलाचा कारकून हक्कसोडपत्राचा कागद तयार ठेवून बसलेला असतो. पाचशेचा मुद्रांक. मजकूर ठरलेला: राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, भावांच्या लाभात, कायमचा. ताईला तो कोणी वाचून दाखवत नाही. तिने यंत्रावर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचे, सही करायची. दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक बहुधा चर्चच्या कमिटीतलाच असतो. मग खानावळीत जेवण, एक साडी आणि संध्याकाळची गाडी. पुढे तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबारा भावांच्या नावाने स्वच्छ होतो.

भावाला विचारा. तो म्हणेल, तिने स्वतःहून सोडले. काही बहिणी खरोखरच स्वतःहून सोडतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण नाही म्हटले असते तर काय झाले असते, हे प्रत्येक ताईला ठाऊक असते. माहेर तुटले असते. नाताळात मुलांना घेऊन जायला घर उरले नसते. ज्या सहीच्या मागे ही भीती उभी आहे तिला राजीखुशी म्हणणे म्हणजे खोटी साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीबद्दल दहा आज्ञांत काय सांगितले आहे ते या सभागृहातल्या शब्बाथ शाळेच्या पोराला पाठ असेल.

आता कायदा ऐका, कारण कायद्याच्या बाबतीत आपल्याला सबबच नाही. १८६५ च्या आणि पुढे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता. देशभर मिळाला तो २००५ साली. म्हणजे ज्यांना आपण येताजाता सुधारणेचे धडे देत होतो त्यांच्या मुली या हक्कासाठी थांबल्या होत्या, तेव्हा आपल्या मुलींच्या हातात तो आधीच होता, आणि आपण तो मुद्रांकावर लिहून काढून घेत होतो.

केरळात तर समान हक्कच नव्हता. १९१६ च्या त्रावणकोर कायद्यात ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाच्या चौथाई, आणि तोही पाच हजार रुपयांच्या पुढे जायचा नाही. कोट्टायमला शाळा चालवणारी मेरी रॉय नावाची बाई वडिलांच्या मिळकतीतल्या वाट्यासाठी भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८६ साली जिंकली. त्या निकालाचे चर्चमध्ये घंटा वाजवून स्वागत झाले असेल असे कुणाला वाटत असेल तर त्याने चौकशी करावी. विरोध झाला. मुलींना वाटा मिळू नये म्हणून मृत्युपत्रे करून ठेवा, असे सल्ले दिले गेले. तो विरोध करणारे लोक नास्तिक नव्हते. दर रविवारी पहिल्या रांगेत बसणारे होते.

वाटा परत देण्याचा धडा आपल्याकडे जुना आहे. शुभवर्तमानातल्या जक्कयाची गोष्ट आपण मुलांना नाटुकलीतून शिकवतो. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस, सगळ्यांना हसू येते. पण पुढे काय झाले? प्रभू घरी आल्यावर त्या जकातदाराने स्तोत्र गायले नाही, साक्षही दिली नाही. त्याने हिशेब काढला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत. तारण त्या घराला त्या दिवशी आले. आपण जक्कयाला झाडावरच ठेवतो, खाली उतरून वही उघडू देत नाही.

मजुरीविषयी फार बोलत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. तेवीस डिसेंबरला रात्री दहापर्यंत आपल्या ओट्यापाशी उभी राहून करंज्या लाटणारी बाई फराळाचा डबा आणि जुना पडदा घेऊन घरी जाते. जानेवारीत ती दोन दिवस तापाने पडली की तेवढे पैसे कापले जातात. याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरी स्वर्गापर्यंत ओरडते म्हटले आहे. ते पत्र नव्या करारात शेवटाकडे आहे, बहुधा तिथवर आपले वाचन पोहोचत नसावे.

जातीकडे मात्र वळलेच पाहिजे. मुलगी पाहायला गेले की आपल्याकडे हळूच प्रश्न येतो, "मूळचे कोण?" एवढ्या दोन शब्दांत तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा धुऊन निघतो. नगरकडे एका जातीतून आलेले दुसऱ्या जातीतून आलेल्यांना मुलगी देत नाहीत, वसईकडे सामवेदी आणि वाडवळ यांच्या सोयरिकींचा हिशेब वेगळा. हे मी नवे सांगत नाही. १९३८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजासमोर बोलले होते. चर्चमध्ये जातिभेद चालतो हे त्यांनी तोंडावर सांगितले, आणि तुम्ही समाज म्हणून सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी कधी लढला नाहीत, असेही सुनावले. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती लोकांसाठीचे धोरण जाहीर केले ते २०१६ साली. मधे अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या, हा सरकारचा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपण भांडलेच पाहिजे. पण दिल्लीला निवेदन पाठवताना आपण जातीचा जाच सांगायचा, आणि सोयरीक जमवताना तोच जाच स्वतः चालवायचा, हे दोन्ही एका तोंडाने चालणार नाही.

मला माहीत आहे, आता काय म्हटले जाईल. एक ज्येष्ठ मित्र काल रात्री जेवताना म्हणालेच, "आपण अल्पसंख्य आहोत. बाहेर वातावरण कसे आहे ते बघा. चर्चवर दगड पडतात, प्रार्थनासभा उधळल्या जातात, अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर धुवायची?" वातावरणाची भीती खोटी नाही. पण अल्पसंख्य असणे ही गप्प बसायची सबब असेल तर पंडिता रमाबाईंचे फोटो या मंडपातून उतरवा. त्या तर एकट्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या वरिष्ठांशी पत्रांतून वाद घातला, की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती सोपवलेली नाही. पुण्यातले सनातनी त्यांच्यावर रागावलेले, चर्चमधलेही नाराज. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमात त्याच मुली कापड विणायला, छापखाना चालवायला शिकल्या. बायबलच्या भाषांतरासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, आणि तेही केडगावचा सगळा संसार सांभाळून. धर्म आणि रोजचे काम असे दोन कप्पे त्या बाईकडे नव्हतेच.

लक्ष्मीबाई टिळकांकडेही नव्हते. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आज आपण ज्या खुर्चीला हार घालतो ती खुर्ची त्यांची आहे. त्यांची 'स्मृतिचित्रे' उघडा आणि त्यात धर्म कुठे भेटतो ते पाहा. चुलीपाशी, पाण्याच्या तांब्यात, दारात आलेल्या पोरक्या पोराच्या ताटात. कुणाच्या हातचे खायचे, कुणाला पंक्तीला घ्यायचे, या प्रश्नाशी त्या बाप्तिस्म्याच्या आधीच झगडल्या आणि तो निकालात काढून मोकळ्या झाल्या. त्या पुस्तकात उपदेश फार थोडा आहे, म्हणून ते टिकले. आपल्या नाताळ विशेषांकांत उपदेशाशिवाय दुसरे काही नसते.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आपण पेढे वाटले. त्यांचे 'सुबोध बायबल' आपल्या कपाटात आहे. पण वसईत जमिनी गिळल्या जात होत्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते, तेव्हा झगा घालून हा माणूस मोर्चाच्या पुढे उभा राहिला. हरित वसईच्या त्या लढ्यात त्यांना धमक्या आल्या. ज्या वाड्यांसाठी ते लढले त्यांतल्या काही पुढे बिल्डरच्या घशात गेल्या. त्या कुणी विकल्या हे मी सांगायला नको. खरेदीखतावरच्या सह्यांत ख्रिस्ती आडनावे पुष्कळ सापडतील.

चर्चच्या मिळकतींबद्दल आज सविस्तर बोललो तर रात्र होईल. एवढेच सांगतो, की मिशनच्या जमिनींवरून एकाच चर्चचे दोन गट धर्मादाय आयुक्तांपुढे वर्षानुवर्षे उभे आहेत आणि दोन्ही गट तारखेला जाण्यापूर्वी प्रार्थना करतात. पौलाने करिंथकरांना नेमक्या याच गोष्टीवरून झापले होते.

लेखकांनो, आता तुमच्याशी. तुम्ही विचाराल, हे आम्ही लिहायचे? दुसरे कोण लिहिणार? दलित साहित्याने आपल्या वस्तीचे, आपल्या बापाचे, आपल्या नवऱ्याचे लिहिले, कुणाची भीड ठेवली नाही, म्हणून मराठीला त्याची दखल घ्यावी लागली. आपण मात्र तक्रार करतो, की मुख्य प्रवाह आम्हाला विचारत नाही. त्याने का विचारावे? कालव्हरीवरची अजून एक कविता त्याला कशाला हवी आहे? तलाठी कचेरीच्या पायरीवर बसलेल्या रूथताईची कथा द्या, तो वाचेल. आपण ती देत नाही याचे कारण प्रतिभेची कमतरता हे नाही. ती कथा लिहिली तर ताईच्या भावाच्या जागी आपण दिसू, हे कारण आहे. आपल्यातल्या कित्येक कवींची घरे बहिणींच्या सह्यांवर उभी आहेत.

समारोपाच्या सत्रात सात ठराव येणार आहेत. शासकीय अनुदान, स्वतंत्र अकादमी, विद्यापीठात अध्यासन, सगळ्यांना माझा पाठिंबा. पण अध्यक्ष म्हणून त्यांच्या आधी मी एक ठराव मांडणार आहे आणि संयोजकांनी तो टंकलिखित करून ठेवावा. या संमेलनाच्या ज्या सभासदांनी आपल्या बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले आहे, त्यांनी पुढच्या संमेलनापूर्वी त्या बहिणींना घरी बोलावून, कागद समोर ठेवून, हक्क खरोखर सोडायचा होता का असे विचारावे. नव्हता असे उत्तर आले तर वाटा परत द्यावा. तो बक्षीसपत्राने देता येतो, कोणताही वकील सांगेल. आणि ज्यांची वाटणी अजून व्हायची आहे त्यांनी असा कागद करूच नये.

या ठरावावर आवाजी मतदान घेतले जाणार नाही. हात वर करून मत द्यायचे आहे, आणि मागच्या भगिनींना पुढे बसवल्याशिवाय मी ते सुरू करणार नाही.