मोनेचा सूर्योदय



ग्वाल्हेरला सागरताल आहे, सागर नाही. समुद्राची पहिली ओळख येथील कित्येकांना ग्रंथालयातील पुस्तकांतूनच झाली असेल. पुस्तकातून पोहोचलेले चित्र मूळ चित्राचे कितपत दर्शन घडविते, याचे उत्तर एका सागरचित्राच्या इतिहासात सापडते.

फ्रान्समधील ल हाव्र या बंदरात क्लोद मोने याचे बालपण गेले. १८७२ मध्ये तेथील हॉटेलच्या खिडकीतून त्याने बंदरातील सूर्योदय रंगविला. सर्वत्र निळसर करडे धुके. त्यात काळसर होड्या, मागे डोलकाठ्या आणि धुराडी. वर नारिंगी सूर्यबिंब आणि पाण्यावर त्याच रंगाचे मोजके फटकारे. चित्राचा आकार अवघा ४८ बाय ६३ सेंटिमीटर.

एप्रिल १८७४ मध्ये पॅरिस येथे छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत सुमारे तीस कलावंतांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सूचीत या चित्राचे नाव होते ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. म्हणजे मनावर उमटलेला ठसा. लुई लरुआ या टीकाकाराने त्याला अर्धेकच्चे ठरविले आणि चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणविले. पुढे हे दूषणच त्यांचे भूषण झाले.

चित्र खरोखर अर्धवट होते काय? मार्गारेट लिव्हिंग्स्टन या शास्त्रज्ञ विदुषीने दाखवून दिले की, या सूर्याची आणि भोवतालच्या आकाशाची उजळता जवळजवळ सारखीच आहे. फरक आहे तो केवळ रंगाचा. डोळ्याला रंग जाणवतो. परंतु उजळतेवरून वस्तूचे स्थान ठरविणारी दृष्टी गोंधळते, आणि म्हणूनच ते बिंब थरथरल्यासारखे भासते. ज्याला निष्काळजीपणा म्हटले गेले, ती नजरेची विलक्षण अचूकता होती.

याचाच दुसरा परिणाम असा की, कृष्णधवल छपाईत हा सूर्य जवळजवळ मावळतो! जुन्या ग्रंथातील तशी प्रतिकृती पाहणाऱ्या वाचकाला लरुआचे म्हणणे पटले, तर त्यात वाचकाचा दोष नाही.

निसर्गासमोर बसून मोकळ्या फटकाऱ्यांनी प्रकाश टिपण्याची ही दृष्टी माळव्यातही रुजली. इंदूरला द. दा. देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन त्यांच्याच हाताखाली शिकले.

मूळ चित्र पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयातून १९८५ मध्ये चोरीस गेले आणि १९९० मध्ये कॉर्सिका बेटावर परत सापडले. त्या पाच वर्षांत जगाजवळ उरल्या होत्या त्या केवळ छापील प्रतिकृती. त्यांचे मोल तेव्हा कळले. आणि त्यांची मर्यादाही.

म्हणून ग्रंथालयाने जुना कृष्णधवल ग्रंथ टाकून देऊ नये, आणि वाचकाने त्या एकावरच विसंबू नये. नवा रंगीत ग्रंथ शेजारी उघडून ठेवावा, म्हणजे एका पानावर हरवलेला सूर्य दुसऱ्या पानावर उगवलेला दिसेल.