गोदाकाठच्या मुली आणि समुद्राचा तळ
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



समुद्रात बुडालेल्या जुन्या वस्तूंचा शोध हा आजचा माझा विषय. गेवराईचा समुद्राशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. पण तो फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात आपल्या गोदावरीवरचे पैठण आहे. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरची मलमल गाड्यांतून भडोचला जाई व तेथून गलबतात चढे. त्यातली काही गलबते फुटलीही असतील.

आपल्याकडे या शोधाला शास्त्राची बैठक दिली डॉ. एस. आर. राव यांनी. लोथलचे उत्खनन करणारे हे संशोधक १९८१ साली, साठीच्या उंबरठ्यावर, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या कामाला लागले. द्वारकेच्या पाण्यात त्यांच्या पथकाला भोके पाडलेले दगडी नांगर मिळाले.

वस्तू दिसली की उचलली, असे येथे चालत नाही. ती कोठे, कशाशेजारी पडली आहे हे आधी मोजायचे, रेखाटायचे, छायाचित्र घ्यायचे. जागेवरून हलली की तिची निम्मी साक्ष गेली. वर आणल्यावर लाकूड एकदम वाळू द्यायचे नाही, तडकते. मडक्यात मुरलेले मीठ गोडे पाणी पुन्हापुन्हा बदलून काढायचे. खारवलेल्या कैऱ्यांचे मीठ उतरवणाऱ्या आपल्या हातांना ही चिकाटी का नवी आहे?

माझ्या भाचीने या शिक्षणाचे नाव काढले, तेव्हा घरात प्रश्न आला, "पाण्यात बुडायला पदवी कशाला? आणि लग्नाचे काय?" त्यामागची काळजी खरी आहे. या कामात जागा थोड्या, आणि शिकण्यात वर्षे पुष्कळ जातात. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाच जणांचे पथक द्वारकेच्या समुद्रात उतरले, त्यात तिघी स्त्रिया होत्या. वाट अवघड असेल, बंद नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पाण्याखालचे काम त्यापुढचे. तेथवर पोचायला पहिली पायरी मात्र आपल्याच हाती आहे. मुलगे विहिरीत पोहायला शिकतात आणि मुली काठावर कपडे सांभाळतात, हे आता पुरे. येत्या उन्हाळ्यात मंडळाने जाणत्या बाईच्या देखरेखीखाली मुलींना पोहायला शिकवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.