वकील नव्हे, साक्षीदार



आपणांस जे सत्य गवसले ते इतरांनाही लाभावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिच्या पोटी एक धोकाही दडलेला असतो. सांगणारा नकळत उच्चासनावर बसतो आणि ऐकणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ई. स्टॅन्ली जोन्स (१८८४–१९७३) या अमेरिकन मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने हा धोका स्वानुभवाने ओळखला होता.

तरुणपणीच्या त्यांच्या पहिल्या प्रवचनाची हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. देवाचे वकीलपत्र घेतल्याच्या आविर्भावात, सर्व युक्तिवाद मुखोद्‍गत करून ते उभे राहिले. काही वाक्ये होतात न होतात तोच एक अवजड शब्द ऐकून समोरची एक मुलगी हसली आणि पुढचे सारे प्रवचन त्यांच्या स्मरणातून नाहीसे झाले. लज्जित होऊन ते खाली बसणार होते. पण ख्रिस्ताने आपल्या जीवनात काय घडवले एवढे तरी सांगावे, असे त्यांना वाटले. ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. वकील हरला, साक्षीदार मात्र उरला.

१९०७ साली ते भारतात आले. पुढे सुशिक्षित भारतीयांसमोर त्यांची व्याख्याने होऊ लागली. सभेचे अध्यक्षपद पुष्कळदा गावातील एखादा प्रतिष्ठित ख्रिस्तेतर गृहस्थ भूषवी. कोणाच्याही धर्मावर आघात करावयाचा नाही आणि व्याख्यानानंतर प्रश्नांना मोकळीक द्यावयाची, असा त्यांचा परिपाठ होता.

यातूनच त्यांच्या गोलमेज बैठका जन्मास आल्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि इतर मंडळी, तसेच कोणताही धर्म न मानणारे लोकही त्यांत एकत्र बसत. वाद घालावयाचा नाही, पांडित्य सांगावयाचे नाही. आपल्या श्रद्धेने रोजच्या जगण्यात आपणांस काय दिले, एवढेच प्रत्येकाने निवेदन करावयाचे. ख्रिस्ती मनुष्यालाही याच कसोटीला उतरावे लागे. अनुभवाची पुंजी रिकामी असेल तर ग्रंथांतील वचने तेथे उपयोगी पडत नसत.

येथे एक शंका उद्‍भवते. ही नम्रता म्हणजे धर्मांतराची अधिक चतुर युक्ती तर नव्हे? जोन्स यांनी आपला हेतू कधी लपविला नाही. लोकांनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, असे त्यांना मनापासून वाटे. महात्मा गांधींना धर्मांतराचे प्रयत्न मान्य नव्हते आणि हा मतभेद कधी मिटला नाही. तरीही ख्रिस्ती लोकांनी काय करावे, असे जोन्स यांनी गांधीजींनाच विचारले. त्यांनी आधी येशूसारखे जगावे, आपला धर्म सौम्य न करता आचरावा, प्रेमाला अग्रस्थान द्यावे आणि इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करावा, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. तो जोन्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या ग्रंथात आदरपूर्वक नोंदविला. ज्याला आपण काही सांगावयास आलो त्याच्याकडूनच शिकण्याची तयारी युक्तीबाज माणसाजवळ सहसा नसते.

१९३० साली नैनितालजवळील सात ताल येथे त्यांनी आश्रम स्थापिला. तेथे आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुटी असे आणि समाज ज्याला हलके मानी ते सफाईचे कामही आश्रमवासी स्वतः करीत. त्या दिवशी त्यांच्या हातातील झाडू हीच त्यांची साक्ष असे.

साक्षीदाराने जे पाहिले ते सांगावे आणि बाजूला व्हावे. निवाडा ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात व्हावयाचा असतो. तेथे बळजबरीने शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही.