द. ग. गोडसे : कलेच्या वाटेने इतिहास
(मिरजगाव येथील साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

दत्तात्रय गणेश गोडसे यांचा जन्म ३ जुलै १९१४ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला. बालपण आजोळी, नागपूरजवळच्या सावनेरला गेले. शाळा तिथेच झाली, पदवीचे शिक्षण नागपूर आणि मुंबईत झाले आणि पुढे चित्रकला शिकण्यासाठी ते लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले. त्यांचे 'पोत' हे पुस्तक निघाले १९६३ साली. वय पन्नाशीला टेकले होते. तोवरची वर्षे रंग, कागद, कापड आणि रंगमंच यांच्या सहवासात गेलेली. मराठीतील या कलासमीक्षकाचे मोठेपण समजून घ्यायचे तर सुरुवात उशिरा आलेल्या या पुस्तकापासून करावी लागते.

अशाच वाटेने आलेला आंरी फोसियाँ (१८८१–१९४३) हा कलेतिहासकार फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे वडील छापचित्रांचे कसबी कारागीर होते, आणि कलाकृतीतला आकार हा एखाद्या जिवंत गोष्टीसारखा वाढतो, बदलतो, हा विचार त्याने १९३४ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडला. गोडसे यांची जातकुळी तीच. हाताने काम करणाऱ्यांच्या जगातून आलेला अभ्यासक दगडाकडे किंवा रेषेकडे पाहतो तेव्हा ती कशी घडली असेल, हा प्रश्न त्याला आधी पडतो.

गोडसे यांनी शेकडो पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे केली. शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य व वेशभूषा केली. हे काम पोटापाण्यापुरते मानून बाजूला ठेवता येत नाही, कारण त्यांच्या इतिहासलेखनाची तालीम तिथेच झाली. इतिहासकार 'दरबार भरला' असे लिहून पुढे जाऊ शकतो. नेपथ्यकाराला ती सोय नसते. गादी किती उंच, मुजरा करणारा कुठे थांबणार, उजेड कोणत्या बाजूने येणार, पगडीचा पीळ कसा, अंगरख्याचा घेर किती, हे सगळे पडदा उघडण्यापूर्वी ठरवावे लागते. कागदपत्रे या बाबतीत बहुधा गप्प असतात. मग शिल्पे पाहावी लागतात, लघुचित्रे पाहावी लागतात, गावातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीत जाऊन उभे राहावे लागते. या सवयीतून गोडसे यांची दृष्टी घडली. 'पोत'नंतर 'शक्तिसौष्ठव' (१९७२), 'गतिमानी' (१९७६), 'समंदे तलाश' (१९८१) अशी पुस्तके येत गेली. शिवकाल, रामदास, पेशवाई हे विषय त्यांनी हाताळले ते सनावळ्यांच्या अंगाने नाही. त्या त्या काळाची घडण कशी होती, हा त्यांचा शोध होता.

त्यांच्या 'मस्तानी' (१९८९) या पुस्तकापाशी थोडे थांबायला हवे. पेशवे बाजीरावांनी १७२९ मध्ये बुंदेलखंडच्या छत्रसालाला मोगल सरदार महंमदखान बंगशाच्या कचाट्यातून सोडवले आणि मस्तानी पुण्याच्या इतिहासात आली. त्यानंतर लोकांच्या तोंडी उरली ती गळ्यातून विड्याचा लाल रस दिसणारी नाचणारीण. गोडसे यांनी ही प्रतिमा नाकारली. छत्रसालाशी असलेले तिचे नाते, बुंदेलखंडातल्या प्रणामी पंथाचे संस्कार, तिच्या नावावर खपवली जाणारी चित्रे, हे सगळे त्यांनी तपासायला घेतले. १७४० साली बाजीरावांच्या पाठोपाठ तीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. एका स्त्रीला मिळालेली बदनामी कोणी आणि कशी रंगवली, हे पाहणे गोडसे यांना कलासमीक्षकाचेच काम वाटले, आणि ते योग्यच होते.

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात हा विषय घेण्याला एक कारण आहे. हा सारा मुलूख निजामशाहीचा. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी या कवीने फारसीत रचलेल्या 'तारीफ-इ-हुसेनशाही' या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. काळ १५६५ नंतरचा, तालिकोटच्या लढाईच्या लगतचा. चौदांपैकी बारा चित्रे उरली आहेत. त्यांत सुलतान तख्तावर बसलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी, जिथे राणी खुंजा हुमायून होती, तिथे अनेक चित्रांत नुसता रंगाचा डाग दिसतो. हुसेनच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावाने राज्य चालवले. पुढे त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैद केले. त्यानंतरच ती चित्रांतूनही पुसली गेली असावी, असे अभ्यासक मानतात. तख्तावरची तिची जागा मात्र पुसणाऱ्याला भरून काढता आली नाही. चित्राची मांडणी अजूनही दोन माणसांची आहे. गोडसे यांनी मराठी वाचकाला शिकवलेले पाहणे ते हेच. म. श्री. माटे आणि गो. त्र्यं. कुलकर्णी यांनी या पोथीची संपादित आवृत्ती १९८७ मध्ये सिद्ध केल्यामुळे ती आता अभ्यासकाच्या हाती येऊ शकते.

गोडसे यांच्या पद्धतीला मर्यादा आहेत. कलावंताची झेप कधी कधी पुराव्याच्या पुढे जाते. एखाद्या आकारातून ते अख्ख्या काळाचा स्वभाव वाचतात, तेव्हा कागदोपत्री आधार मागणारा इतिहासकार अडखळतो. ही तक्रार रास्त आहे. तरीही त्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवले तरी त्यांनी विचारलेले प्रश्न टिकतात. भाषेच्या बाबतीत तर तक्रारीला जागाच नाही. कलेवर लिहायला इंग्रजीच हवी, असे मानले जात असताना हा माणूस आयुष्यभर जवळजवळ सगळे मराठीत लिहीत राहिला.

१९८८ साली त्यांना रंगमंचकलेसाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो नेपथ्याचा होता, लेखनाचा नव्हे. पुढच्याच वर्षी 'मस्तानी' प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९९२ रोजी गोडसे यांचे निधन झाले.