चौदा ते अठरा : ऊसतोडीतली हरवलेली वर्षं

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार... बीड जिल्ह्याच्या या तालुक्यांतून संसार, शेळ्या आणि लेकरं घेऊन ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे निघतात, काही थेट कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं उरतात. माणसं परततात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. तोवर शाळेचं वर्ष सरलेलं असतं.

या मजुरांच्या लहान मुलांसाठी प्रयत्न झाले. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे गावातच हंगामी वसतिगृहं आली आणि आजीजवळ राहिलेल्या नातवंडांच्या जेवणाची सोय झाली. ती सगळीकडे नीट चालली असं नाही. पण २००९चा शिक्षण हक्क कायदा निदान या मुलांच्या पाठीशी आहे. तो सहा ते चौदा वयापर्यंतच्या मुलांचा. आठवी संपली की हा आधार सुटतो, आणि नेमकं तिथूनच या मुलांचं सगळ्यात धोक्याचं वय सुरू होतं.

नववीची शाळा बहुतेकदा दुसऱ्या गावाला. आईबाप फडावर. मुलगा जाणता झाला, कोयता चालवू शकतो, म्हणून सोबत जातो. मुलीच्या बाबतीत घरात एकच प्रश्न असतो : हिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? सोबत न्यावी तर पाचटाच्या कोपीला दार नसतं, आणि आई पहाटेच फडात गेलेली असते. मग स्थळ शोधलं जातं.

यात व्यवहाराचा मोठा भाग आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, मजुरी टनावर. म्हणून मुलाचं लग्न लावलं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. त्यावर उचल मिळते, लग्नाचा खर्च त्यातूनच भागतो आणि नवं जोडपं ती फेडायला फडावर जातं. अशा आईबापांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. हिशेब त्यांनी बरोबरच केलेला असतो. तो करायला लावणारी पद्धत चुकीची आहे.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती. बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, त्यातच खाड्याचा दंड नको म्हणून अंगावर काढलेली दुखणी. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात ऐन तिशीतल्या बायकाही होत्या.

राज्य सरकारनं २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली : ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलं. दिशा योग्य आहे. पण एकूण जागा ८,२०० आणि स्थलांतर करणारी कुटुंबं लाखांत. बारावीपर्यंत मुलीला गावाजवळ सुरक्षित राहता आलं, तर तिच्या लग्नाची घाई आपोआप कमी होईल. कायद्याच्या धाकापेक्षा याचा उपयोग जास्त.

दुसरी दुरुस्ती कारखान्यांच्या हातात आहे. करार जोडप्याशी न करता प्रत्येक मजुराशी वेगळा व्हावा, बाईची मजुरी बाईच्या खात्यात जावी, आणि करारावर वयाचा पुरावा लागावा. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली; म्हणजे मजुरांच्या संघटना आणि कारखानदार एका टेबलावर बसू शकतात. पुढच्या बैठकीत हा विषयही त्या टेबलावर यायला हवा.

या सभागृहात सहकारी कारखान्यांचे सभासद बसले आहेत. त्यांनी आपल्या कारखान्याच्या यंदाच्या वार्षिक सभेत उभं राहून एवढंच विचारावं : आपल्या टोळ्यांमध्ये अठराच्या आतले किती जण आहेत? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नये.